खांदेमळण एका दिवसाचीच?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचा खांदा हळद-तुपानं मळतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो. गेल्या मार्चमध्ये माजलगावजवळ उसाच्या गाडीला जुंपलेला बैल पाहिला. खांदा आलेला म्हणजे सुजलेला, जुवाखाली कातडं सोललेलं, त्यावर माश्या. चढावर गुडघे टेकले की पराणीची टोच. दुपारचा एक वाजला होता. पारा 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी 12 ते 3 जनावर गाडीला जुंपू नये, असा केंद्राचा 1965 चा नियम आहे. पाळतं कोण? प्राणी क्रूरता प्रतिबंधाच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पन्नाशीत आता पेंडीचा घमेलाही भरत नाही!

एकट्या गाडीवानाला बोल लावणं सोपं आहे. अंगावर आगाऊ घेतलेली उचल, खेप चुकली की मजुरी बुडते. तो तरी काय करील? पण खेपेला ऊस किती भरला हे कारखान्याच्या काट्यावर दिसतंच. जादा भरलेली गाडी तिथेच का अडवत नाहीत? येत्या हंगामाआधी प्रत्येक गाडीतळावर सावली, हौद आणि पशुवैद्यक हवाच.

— एक शेतकरी, जि. बीड