सन्मान वेगळा, इतिहास वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील भयकथेवरील लेखात अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टची (१८९०–१९३७) बोळवण 'वर्णद्वेष्टा' या एका शब्दात केलेली पाहून हे पत्र लिहीत आहे. तो वर्णद्वेष्टा होता यात वाद नाही. त्याची पत्रे वाचताना आजही किळस येते, आणि 'त्या काळी सगळेच तसे होते' हे चाहत्यांचे ठरलेले उत्तर मला कधीच पटलेले नाही. आक्षेप आहे तो पुढच्या वाक्याला. माणूस असा होता, म्हणून भयकथेवरील त्याचा प्रभाव फुगवून सांगितला जातो, असे लेखक म्हणतात. या 'म्हणून'ला आधार कोणता?

प्रभाव म्हणजे शाबासकी नव्हे. १९२८ साली 'वियर्ड टेल्स' या अमेरिकी मासिकात आलेली त्याची 'द कॉल ऑफ क्थुलू' ही कथा पाहावी. चुलत आजोबांच्या मृत्यूनंतर निवेदकाच्या हाती एक पेटी लागते. तिच्यात मातीचे एक कोरीव शिल्प, काही तुटक टिपणे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे असतात, आणि ती जुळवता जुळवता त्याच्या लक्षात येते की समुद्राच्या तळाशी जे निजले आहे त्याच्या खिजगणतीतही माणूस नाही. पारंपरिक भूत निदान कुणावर तरी सूड उगवायला येते; इथे तेवढेही नाते नाही. (त्याची विशेषणांनी ओथंबलेली भाषा मला स्वतःला सोसत नाही, तरीही ही भीती त्यानेच रुजवली हे नाकारता येत नाही.) शिवाय आपल्या कथांतील कल्पित दैवते आणि ग्रंथ त्याने समकालीन लेखकांना मोकळेपणाने वापरू दिले, त्यामुळे ती एकट्याची राहिली नाहीत.

त्याचा द्वेष कथांपासून अलगद सोलून काढता येतो, असे मात्र मी म्हणणार नाही. 'द हॉरर ॲट रेड हुक'मध्ये परक्यांची किळस हाच भीतीचा मसाला आहे. व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकाने २०१६ साली तीच कथा कृष्णवर्णीय नायकाच्या बाजूने नव्याने लिहिली आणि आपल्या संमिश्र भावनांसह ती लव्हक्राफ्टलाच अर्पण केली. लव्हक्राफ्टला एवढे बारकाईने वाचल्याशिवाय असे उत्तर देता आले नसते.

अद्भुतकथांसाठीच्या 'वर्ल्ड फँटसी' पुरस्काराचे स्मृतिचिन्ह म्हणून दिला जाणारा लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा २०१५ साली बंद झाला, ते योग्यच झाले. कोणाचा चेहरा घरात मिरवावा, हा सन्मानाचा प्रश्न आहे. विज्ञानकथेचे संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांचे नाव, त्यांच्या वर्णद्वेषी मतांवरून झालेल्या टीकेनंतर, नवोदितांच्या पुरस्कारावरून २०१९ साली काढले गेले, त्यालाही माझी हरकत नाही. पण तो पुरस्कार स्वीकारताना झालेल्या ज्या भाषणामुळे ते नाव निघाले, त्यातील तक्रारच मुळी अशी होती की कॅम्पबेल यांनी लावलेला सूर विज्ञानकथेला अजून सोडत नाही. त्यांचा प्रभाव फुगवलेला असता, तर ही तक्रार करण्याची वेळच आली नसती.

आपला,
एक नियमित वाचक