मेंडोलिनचा ‘पत्र्याचा’ आवाज आणि जॅझ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातील जॅझवर आलेला लेख मी आवडीने वाचला. हळदोण्याचे चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट आणि ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन यांची आठवण मराठी वाचकांना करून दिल्याबद्दल लेखकांचे आभार. त्यातील एका विधानाशी मात्र माझे भांडण आहे. मेंडोलिनचा आवाज मुळातच पत्र्यासारखा पातळ, म्हणून जॅझमध्ये त्याला जागा नाही, अशा अर्थाचे ते विधान होते. गेली पंधरा वर्षे मी हे वाद्य घरी आणि मित्रांच्या बैठकीत जॅझसाठी वाजवत आहे, आणि माझ्या मते हा दोष वाद्याच्या माथी मारणे योग्य नाही. ते आपण कसे निवडतो आणि त्याला कोणत्या तारा चढवतो, तिथे खरी गोम आहे.

जेथ्रो बर्न्स (1920–1989) हे अमेरिकेत विनोदी गाण्यांच्या जोडगोळीतील एक म्हणून प्रसिद्ध होते, पण मेंडोलिनवर जॅझ शिकू पाहणारा माणूस आजही आधी त्यांचेच वादन ऐकतो. अमेरिकेचे मेंडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन यांनी जॅझ व्हायोलिनचे बुजुर्ग स्टेफान ग्रापेली यांच्याबरोबर केलेल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका 1981 साली निघाली. ब्राझीलच्या जाकोब दो बांदोलीं (1918–1969) यांनी तर वाद्याचे नावच आडनावासारखे लावले. ‘बांदोलीं’ हा मेंडोलिनसाठी पोर्तुगीज शब्द आहे. ते वाजवत ते शोरो हे ब्राझीलचे संगीत, जॅझ नव्हे, परंतु मेंडोलिनचा सूर किती गोल लागू शकतो हे ज्याला ऐकायचे असेल त्याने त्यांना अवश्य ऐकावे. आपल्याकडे उ. श्रीनिवास यांनी विजेच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीतातील गमक उतरवले, तेव्हा त्या आवाजाला पत्रा म्हणण्याची कुणाची छाती झाली नसावी.

माझी स्वतःची फसगत सांगतो. मी मूळचा व्हायोलिनवाला, भजनाला आणि नाटकांना साथ करणारा. मेंडोलिनच्या तारांच्या चार जोड्या व्हायोलिनप्रमाणेच जी, डी, ए, ई अशा, म्हणजे प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमावर लावतात, त्यामुळे बोटे आयतीच बसलेली होती. मुंबईच्या एका दुकानातून जवळजवळ दोन महिन्यांचा पगार मोजून मी मेंडोलिन आणले ते केवळ रूपावर भाळून : लाल-तपकिरी झळाळी, खांद्यावर शंखासारखा वळलेला कोरीव कान, पोटावर, म्हणजे पुढच्या फळीवर, व्हायोलिनसारखी इंग्रजी ‘f’च्या आकाराची दोन एफ-छिद्रे. आमच्या वाड्याजवळ एक वृद्ध सॅक्सोफोनवादक राहत असत, उमेदीची वर्षे मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत काढलेले. आम्ही त्यांना मेस्त, म्हणजे गुरुजी, म्हणत असू. त्यांच्यापुढे मी मोठ्या ऐटीत एक संथ चाल वाजवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “हो पत्रो मरे!” (हा तर पत्रा रे!) त्या दिवशी त्यांचे म्हणणे खरेच होते. माझी चूक एवढीच की पुढची दोन वर्षे मी दोष माझ्या हाताला देत राहिलो.

त्या कोरीव कानाचा आवाजाशी जवळजवळ काहीच संबंध नाही, आणि त्यावर कारागिराचे जितके तास जातात तितकी किंमत मात्र वाढते. कान नसलेले, पेरूच्या फोडीसारखे साधे मेंडोलिन ‘ए’ घडणीचे आणि कान असलेले ‘एफ’ घडणीचे; या नावाचा एफ-छिद्रांशी संबंध नाही. आवाजाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोटावरचे छिद्र. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीची जुनी मेंडोलिने लंबगोल छिद्राची असत. 1922 साली लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली त्याच कंपनीने एफ-5 हे एफ-छिद्रांचे मेंडोलिन काढले. पुढे मेंडोलिनवादक बिल मन्रो यांच्या हाती 1923 सालचे असेच एक वाद्य आले आणि ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीचा आवाजच त्यावरून ठरून गेला. बँजो आणि फिडलच्या गलक्यातून वर येणारा, टोकदार, लगेच विरणारा ठोका त्या संगीताला हवा असतो. जॅझमधील संथ चालीत गरज नेमकी उलटी असते. तिथे सूर लागल्यावर त्याची आस थोडा वेळ राहिली पाहिजे आणि खालचे स्वर भरीव वाटले पाहिजेत. लंबगोल छिद्राच्या वाद्यात हा घुमारा सहसा अधिक असतो. सतारीचे जाणकार खुली जवारी (झणझणता, उजळ आवाज) आणि बंद जवारी (गोल, मऊ आवाज) असा भेद करतात. घडणीचे कारण वेगळे असले तरी कानाला जाणवणारा फरक साधारण त्याच जातीचा आहे.

याचा अर्थ एफ-छिद्रांवर जॅझ वाजत नाही असा कुणी घेऊ नये. जॅझचे नामांकित मेंडोलिनवादक त्यावरही वाजवतात, आणि ड्रम व ट्रम्पेट यांच्या संगतीत बसायचे असेल तर तीच छिद्रे उपयोगी पडतात. गोव्यातील बहुतेक नवशिके मात्र एखादी गिटार आणि फार तर एक सॅक्सोफोन एवढ्याच संगतीत, घराच्या बलकांवात (ओसरीवर) बसून वाजवणार. त्यांनी गलका भेदणाऱ्या आवाजासाठी पैसे का मोजावेत?

लाकडाविषयी थोडक्यात लिहितो, कारण दुकानात त्यावर नको तितकी चर्चा होते. स्प्रूसचे पोट आणि मेपलची पाठ ही रूढ जोडी, तिचा आवाज स्वच्छ आणि उजळ. पाठ महोगनीची असेल तर आवाज जरा मऊ होतो, पोट सीडरचे असेल तर आणखी मऊ. पोट अखंड लाकडाचे आहे की प्लायचे, हे पाहण्यासाठी छिद्राच्या कडेवर डोळा लावावा. वरच्या रेषा कडेतून तशाच खाली उतरताना दिसल्या तर लाकूड अखंड, आणि थरांवर थर दिसले तर प्लाय. दुकानदार काहीही सांगो, ती कड खोटे बोलत नाही.

यापुढचा मुद्दा तारांचा, आणि तिथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण दुसरे वाद्य घेण्याची ऐपत नसलेल्यालाही तो उपयोगी आहे. मेंडोलिनची सर्वांत खालची मोकळी तार 196 हर्ट्झवर बोलते, म्हणजे गिटारच्या तिसऱ्या मोकळ्या तारेच्याच सुरात, आणि सर्वांत वरची 659 वर. गिटारच्या सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या तारेचा खर्ज या वाद्याच्या नशिबी मुळातच नाही. अशा वाद्याला फॉस्फर ब्राँझच्या, गोल वेष्टणाच्या करकरीत नव्या तारा चढवल्या की वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक उपसूर, झणझणू लागतात आणि मूळ सूर त्यांच्याखाली दबतो. दुकानात टांगलेल्या जवळजवळ प्रत्येक मेंडोलिनला अशाच तारा असतात, कारण गिऱ्हाइकाला पहिल्या झटक्यात चमकदार आवाज आवडतो. यांना पर्याय म्हणजे सपाट वेष्टणाच्या तारा. त्यांच्या गाभ्यावर गोल तारेऐवजी चपटी फीत गुंडाळलेली असते, हाताला त्या काचेसारख्या गुळगुळीत लागतात आणि बोट सरकताना होणारी किरकिर त्यांत जवळजवळ नसते. व्हिएन्नाची थोमास्टिक-इन्फेल्ड आणि अमेरिकेची डॅडारिओ या दोन्ही कंपन्या त्या बनवतात. मला त्या गोव्यात सहजी मिळाल्या नाहीत, मागवाव्या लागल्या, आणि साध्या तारांपेक्षा त्या बऱ्याच महाग पडल्या. पण ज्या दिवशी मी त्या माझ्या ‘पत्र्या’वर चढवल्या, त्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातून विचारले की दुसरे वाद्य कधी आणले. आवाजाचे मान थोडे कमी होते हे खरे आणि नाचणाऱ्यांच्या घोळक्यापुढे ते जाणवते. बैठकीत जाणवत नाही.

तारांइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे पिक, म्हणजे तार छेडण्याची छोटी चकती. अर्ध्या मिलिमीटरच्या लवचिक पिकने तारेवर चट्‌ असा आवाज आधी येतो आणि सूर मागाहून. दीड मिलिमीटर जाडीचे पिक घेऊन त्याच्या टोकाऐवजी गोल खांद्याने छेडले, आणि हात घोडीपासून दूर, बोटे फिरवायची पट्टी संपते तिथे नेला, तर तीच तार वेगळी बोलते. घोडीजवळ छेडल्यास वरचे स्वरांश उसळतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही तंतकाराला सांगायला नको. शिवाय घोडी आणि शेपटीकडील पत्री यांच्यामध्ये तारांचा जो तुकडा उरतो तोही स्वतःच्या मर्जीने वाजत असतो. त्या तुकड्यांतून वरखाली ओवून बसवलेली चामड्याची एक अरुंद पट्टी ही कुरकुर बंद करते. मी जुन्या चपलेचा पट्टा कापून वापरला.

दुकानात वाद्य पारखताना वरच्या ई तारेवर भरभर बोटे फिरवून पाहण्याची आपली रीत आहे, आणि तीच फसवते, कारण ई तार बहुतेक मेंडोलिनांवर बरीच बोलते. पारख करावी ती खालच्या तीन जोड्यांवर. तीन सुरांचा एक जॅझचा कॉर्ड धरावा, उदाहरणार्थ जी, एफ आणि बी, म्हणजे मूळ सूर, कोमल निषाद आणि शुद्ध गंधार. तो एकदाच छेडून तसाच धरून ठेवावा आणि तिन्ही सूर शेवटपर्यंत वेगळे ऐकू येतात की लगेच एकाच झणकाऱ्यात मिसळून जातात, हे पाहावे. त्यानंतर वाद्य दुसऱ्याच्या हाती देऊन आपण दहा पावले दूर, पाठमोरे उभे राहावे. वाजवणाऱ्याला ऐकू येणारा आवाज आणि समोरच्याला ऐकू येणारा आवाज यांत फरक असतो, आणि पाठ फिरवल्यावर झळाळीही दिसत नाही.

गोव्यात राहणाऱ्याला पावसाळ्याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही. आठ तारांचा मिळून सुमारे 75 ते 80 किलोचा ताण त्या पातळ पोटावर कायम असतो. जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगते, पोट वर येते, त्याबरोबर घोडी चढते, आणि तारा पट्टीपासून इतक्या दूर जातात की बोट दुखते व सूर चढा लागतो. वातानुकूलित खोलीत नेमके उलटे घडते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास राहिला तर काळजी नको. घोडी पोटावर चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते, म्हणून तिचे पाय पोटाला सर्वत्र टेकले आहेत का हेही पाहावे. कागदाची कड पायाखाली शिरत असेल तर तेवढा आवाज तिथेच सांडतो आहे असे समजावे आणि जाणत्या कारागिराकडून पाय घासून बसवून घ्यावेत. जुन्या घरांतून एखादे गोल पाठीचे, नेपल्सच्या घडणीचे मेंडोलिन सापडते, त्याला तर आजच्या जाड तारा कधीही चढवू नयेत. ती हलक्या तारांसाठी घडवलेली असतात आणि त्यांची मान वाकते.

एक सूचना करावीशी वाटते. व्हायोलिन शिकलेल्या मुलांची गोव्यात वाण नाही. चर्चच्या शाळांतून आणि कला अकादमीतून ती आजही तयार होत आहेत, आणि त्यांच्या बोटांना मेंडोलिनचा मेळ परका नाही. पणजी, मडगाव, म्हापसा येथील वाद्यविक्रेत्यांनी दुकानात एक तरी लंबगोल छिद्राचे मेंडोलिन सपाट तारा चढवून ठेवावे आणि गिऱ्हाइकाला ते शांत कोपऱ्यात पंधरा मिनिटे हाताळू द्यावे. दुकानदाराचा खर्च तारांच्या एका संचाचा, आणि पालकांचे कित्येक हजार रुपये भलत्या वाद्यावर जाण्याचे टळतील.

आपल्या लेखकांना फोंड्याकडे येणे जमल्यास माझे ते जुने एफ-छिद्रांचे आणि नंतर घेतलेले साधे, लंबगोल छिद्राचे अशी दोन्ही मेंडोलिने मी त्यांच्यापुढे ठेवीन, आणि त्यांनी पाठमोरे बसूनच ऐकावे. मात्र चतुर्थी उलटून पाऊस ओसरल्यावर यावे ही विनंती. सध्या दोन्हींच्या घोड्या चढलेल्या आहेत.

आपला,
एक वाचक,
फोंडा, गोवा