पोकळ दात

पुणे

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून परत येऊन महिना झाला, पण बर्लिनचं ते कैसर विल्हेल्म स्मृती चर्च काही डोक्यातून जात नाही. कुडाम रस्त्यावरच्या त्या झगमगत्या दुकानांसमोर उभं राहून मी म्हणालो होतो, "एवढा श्रीमंत देश, आणि भर बाजारात हा मोडका मनोरा? डागडुजीला पैसे नाहीत का?" तू हसलीस, "बाबा, मुद्दाम ठेवलाय तो." मला पटलं नव्हतं. उभा जन्म साइटवर काढलेल्या माणसाचे हात भेग दिसली की शिवशिवतात.

इथे आल्यावर वाचत बसलो. २३ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री बॉम्बहल्ल्यात चर्च गेलं. ११३ मीटरचा मनोरा, उरला सत्तरच्या आसपास. पुढे १९५७ मध्ये वास्तुविशारद एगॉन आयरमानने नव्या चर्चचा आराखडा केला, त्यात हा अवशेष चक्क पाडायचा होता! म्हणजे माझ्यासारखंच त्यालाही ते मोडकं नको होतं. पण बर्लिनकरांनी असा काही गिल्ला केला की त्याला नमतं घ्यावं लागलं. मोडका मनोरा मध्ये राहिला, शेजारी निळ्या काचांचं नवं चर्च आणि घंटाघर उभं राहिलं, १९६१ मध्ये. लोक मनोऱ्याला 'पोकळ दात' म्हणतात, आणि नव्या जोडीला 'लिपस्टिक आणि पावडरची डबी'. आपल्या पेठांतच शोभणारी नावं!

आई ज्या क्रुसापाशी रेंगाळली, तो आठवतो? तो इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या कथीड्रलचे, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचे, खिळे जोडून केलेला. जळालेल्या छताच्या तुळयांमधले, जुने, लोहाराने ठोकलेले. ते कथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० ला जर्मन विमानांनी जाळलं. त्याच्याही भिंती इंग्रजांनी तशाच ठेवल्यात. आणि खिळे कुठे पाठवले, तर बर्लिनला. मी मात्र तेव्हा वर मान करून छताच्या मोझॅइकमधल्या भेगा मोजत होतो.

मोडकं मोडकंच ठेवणं हे दुरुस्तीपेक्षा अवघड काम, बरं का. दुरुस्तीत गिलावा मारला की झाकलं जातं. इथे दगड सुटता कामा नये आणि सावरलेलाही दिसता कामा नये. खरा शत्रू पाणी. वरच्या तुटक्या कडेवरून ते आत मुरलं आणि तुमच्या थंडीत गोठून फुगलं, की दगड फुटलाच.

तेव्हा एक काम कर. त्या कडेवर त्यांनी नक्की काय घातलंय ते खालून दिसत नव्हतं. समोरच्या एखाद्या उंच इमारतीतून झूम करून फोटो पाठव.

आई विचारतेय, मेतकूट संपलं का?

तुझा,
बाबा