लाहौलच्या त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

माझी ताई नि भावजी हिमाचलमधल्या लाहौलमध्ये केलाँगच्या पुढे एका छोट्या गावात राहतात, यंदा बर्फ एवढा पडला की रस्ता बंद, लाईट गेली, फोन लागेना, आणि इकडे परळला आम्ही पंखा लावून बसलोय नि आईचा जीव टांगणीला. तुमची नावं माहीत नाहीत, तरी आभार मानायचेच आहेत.

शेजारचे ते दोघे भाऊ, पहाटेच फावडी घेऊन ताईच्या छपरावर चढलात, तिकडे मातीची सपाट छपरं असतात ना, बर्फ वेळेवर ढकलला नाही तर गळतात नाहीतर वजनाने बसतात, आणि भावजींची कंबर धरलेली, त्यांना जमणारच नव्हतं. नळ गोठल्यावर बर्फ वितळवून पाणी देणाऱ्या आजी, तुम्ही तर स्वतःच्या साठ्यातली लाकडंही दिलीत, जी अख्खा हिवाळा पुरवायची असतात! याला मोठं मन लागतं. बीआरओच्या (सीमेवरचे रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था) डोझरवाल्या दादांनो, २०२० पासून मनालीकडून लाहौलला यायला अटल टनेल आहे हे खरं पण टनेलच्या पुढचा रस्ता तुम्हीच मोकळा करता. लाईट आणणाऱ्या लाईनमनलाही खूप खूप थँक्यू.

ताईचा आवाज ऐकून आई रडलीच. जूनमध्ये आम्ही सगळे येतोय, बेसनाचे लाडू घेऊन, आजींना आधी.