प्रवास पुरवणीत सावधगिरीलाही जागा हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या प्रवास पुरवणीत वेगवेगळ्या शहरांची ओळख करून देणारे लेख मी आवर्जून वाचते. काय पाहावे, कोणत्या ऋतूत जावे, छायाचित्रे कुठून चांगली येतात, याची माहिती त्यांत भरपूर असते. सुरक्षिततेचा विषय मात्र 'मौल्यवान वस्तू सांभाळा, अनोळखी व्यक्तींवर विश्वास ठेवू नका, रात्री-अपरात्री एकटे फिरू नका' एवढ्यावर उरकला जातो. या सल्ल्यात खोटे काही नाही, परंतु नेमके कशापासून आणि कोणत्या क्षणी सावध राहायचे हे त्यातून कळत नसल्यामुळे वाचकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

माझ्या मते पर्यटक फसतो तो भोळेपणामुळे कमी आणि घाई व भीड यांमुळे जास्त. लांबच्या प्रवासाने शिणलेला, दोन्ही हातांत सामान असलेला, मोबाइलची बॅटरी संपत आलेली आणि हॉटेलचा पत्ता नेमका त्याच मोबाइलमध्ये, अशा अवस्थेत विमानतळाच्या किंवा रेल्वेस्थानकाच्या दाराबाहेर पडणारा माणूस जो पुढे येईल त्याची मदत घेतो. तिथे आपणहून जवळ येऊन बॅगेला हात घालणारा इसम सहसा अधिकृत रांगेतला चालक नसतो, कारण रांगेतल्या चालकाला गिऱ्हाईक शोधत आत येण्याची गरज पडत नाही. गाडी रस्त्याला लागल्यावर 'मीटर बिघडले आहे' किंवा 'तुमचे हॉटेल भरले आहे, मी दुसरे चांगले दाखवतो' असे सांगितले जाते, आणि सामान डिकीत अडकलेले असल्याने मध्येच उतरून जाण्याचा मार्गही बंद झालेला असतो. त्यावरचा इलाज घरून निघण्यापूर्वीच करावा लागतो. शहरात जाण्याचे साधन कोणते, ते कुठून सुटते आणि भाडे साधारण किती होते हे आधी पाहून ठेवावे, हॉटेलचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तिथल्या लिपीत कागदावर लिहून घ्यावा, शहराचा नकाशा इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून ठेवावा, आणि पासपोर्ट व पैसे असलेली पिशवी डिकीत न टाकता मांडीवर घ्यावी. शक्य असेल तर दिवसाउजेडी पोहोचणारी गाडी किंवा विमान निवडावे. चार पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

शहरात स्थिरावल्यानंतरच्या फसवणुकी वरवर निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांची सुरुवात एकाच प्रकारे होते, ती म्हणजे बोलणे समोरचा सुरू करतो. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर नीटनेटक्या कपड्यांतला एखादा गृहस्थ 'आज समारंभामुळे राजवाडा बंद आहे' असे साळसूदपणे सांगतो, स्वस्तात शहर दाखवणारी टुकटुक लगेच ठरवून देतो, आणि ती फिरत फिरत रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानाशी जाऊन थांबते. राजवाडा त्या वेळी उघडाच असतो. पॅरिसला साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली गप्पांच्या नादात पर्यटकाच्या बोटाभोवती रंगीत दोरा गुंफायला सुरुवात होते. गाठ आवळली की हात सोडवून घेता येत नाही, आणि मग त्या दोऱ्याचे पैसे मागितले जातात. दोन्ही ठिकाणच्या या युक्त्या वर्षानुवर्षे ठाऊक असूनही चालतात, कारण हसून बोलणाऱ्या माणसाला तोडून टाकणे बहुतेकांना जड जाते. अशा वेळी न थांबता, हात खिशात ठेवून, मान हलवून पुढे जाण्यात कोणताही उद्धटपणा नाही. मदत हवीच असेल तर माणूस आपण निवडावा. तिकीट खिडकीवरचा कर्मचारी, दुकानदार, मुलांना घेऊन निघालेले कुटुंब, यांच्याशी बोलणे आपण सुरू केले तर धोका फार कमी राहतो, आणि माणसे किती आपुलकीने मदत करतात याचाही प्रत्यय येतो.

तोतया पोलिसांचा प्रकार याहून गंभीर आहे. ओळखपत्र क्षणभर डोळ्यांसमोर नाचवून 'बनावट नोटांची तपासणी चालू आहे, पाकीट दाखवा' असे म्हणणारे एकटे किंवा जोडीने येतात, आणि परत मिळालेले पाकीट उघडून पाहीपर्यंत दिसेनासे होतात. रस्त्यात पाकीट हातात देऊ नये; 'आपण जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा माझ्या हॉटेलवर जाऊ, तिथे सर्व दाखवतो' असे शांतपणे म्हणावे. खरा पोलीस त्याला सहसा हरकत घेत नाही आणि तोतया काढता पाय घेतो. मध्यरात्री हॉटेलच्या खोलीतला दूरध्वनी वाजतो आणि 'स्वागतकक्षातून बोलतोय, तुमचे कार्ड चालले नाही, क्रमांक पुन्हा सांगा' असे कुणी म्हणते, तेव्हाही हेच तत्त्व लागू पडते. फोन ठेवून स्वतः खाली जाऊन विचारावे.

पैशांच्या बाबतीत एक नुकसान असे आहे की त्याला चोरी म्हणताही येत नाही. परदेशात कार्डाने पैसे देताना यंत्राच्या पडद्यावर कधी कधी प्रश्न येतो की रक्कम स्थानिक चलनात घ्यायची की तुमच्या देशाच्या चलनात. ओळखीचे चलन पाहून बरे वाटते आणि बोट तिकडे वळते. पण तो पर्याय निवडला की विनिमयाचा दर यंत्रामागची सेवा ठरवते, आणि तो बहुतेक वेळा कार्ड देणाऱ्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. स्थानिक चलन निवडणे हेच सहसा हिताचे ठरते. रोख रक्कम काढायची असेल तर रस्त्याकडेच्या सुट्या एटीएमपेक्षा बँकेच्या इमारतीतले बरे, आणि पिन टाकताना दुसऱ्या हाताने कळफलक झाकणे आवश्यकच आहे. सर्व कार्डे एका पाकिटात ठेवू नयेत हे सगळ्यांना माहीत असते, तरी ती तशीच ठेवली जातात.

भीतीचे आणि खऱ्या धोक्याचे प्रमाण आपल्याकडून किती चुकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे रस्ता. खिसेकापूंबद्दल पानेच्या पाने लिहिली जातात, पण अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या प्रवासविषयक मार्गदर्शनात निरोगी नागरिकांच्या परदेशातील मृत्यूंचे एक प्रमुख कारण म्हणून वाहन अपघातांचा उल्लेख आहे. ज्या देशात वाहने आपल्या सवयीच्या उलट बाजूने धावतात तिथे पादचारी आधी चुकीच्या दिशेला पाहतो आणि पाऊल टाकतो. लंडनमध्ये यासाठी अनेक ठिकाणी पादचारी जिथून रस्त्यावर उतरतात तिथे 'उजवीकडे पाहा' अशी सूचना मोठ्या अक्षरांत रंगवलेली असते. सर्वच शहरे इतकी काळजी घेत नाहीत. टॅक्सीत मागे बसले तरी पट्टा लावावा. भाड्याची दुचाकी घेण्याआधी आपला परवाना त्या देशात चालतो का हे पाहावे, कारण परवान्याविना झालेल्या अपघाताचा खर्च विमा कंपनी बहुधा नाकारते आणि रुग्णालयाचे बिल आपल्याच माथी येते.

इतके करूनही पाकीट किंवा मोबाइल गेलाच तर पुढे काय करायचे, हा भाग पुरवण्यांमधून जवळजवळ वगळलाच जातो. मोबाइल गेला की पाकीट गेल्याहून मोठे संकट उभे राहते, कारण बँकेचे ओटीपी त्याच सिमकार्डावर येतात. म्हणून सिमकार्ड आणि बँकेची कार्डे दोन्ही लगेच बंद करून घ्यावीत, आणि त्यांसाठी लागणारे क्रमांक कागदावर वेगळे लिहिलेले असावेत. पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, कारण चोरीच्या दाव्यासाठी विमा कंपन्या ती मागतात आणि अनेक पॉलिसींमध्ये तक्रारीची मुदत चोवीस तासांचीच असते. पासपोर्ट हरवल्यास आपल्या देशाचा दूतावास परतीसाठी तात्पुरता दस्तऐवज देऊ शकतो, आणि जुन्या पासपोर्टची छायाप्रत असेल तर ते काम पुष्कळ सोपे होते. परदेशात अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानुसार आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते, आणि या हक्काची माहिती देणे तिथल्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा सामाईक क्रमांक युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये स्वीकारला आणि आज तो इतरही अनेक देशांत चालतो; तरीही जिथे जायचे तिथला क्रमांक आधीच पाहून ठेवलेला बरा.

एकट्या फिरणाऱ्या स्त्रियांना दिला जाणारा सल्ला बहुधा कपडे आणि वेळ यांवरच थांबतो, ही माझी जुनी तक्रार आहे. पेयाचा पेला नजरेआड होऊ न देणे, खोलीचा क्रमांक स्वागतकक्षात मोठ्याने उच्चारला गेला तर खोली बदलून मागणे, सहलीची छायाचित्रे ते ठिकाण सोडल्यावरच समाजमाध्यमांवर टाकणे, या गोष्टी अधिक उपयोगाच्या आहेत आणि त्या पुरुषांनीही पाळायला हरकत नाही.

तेव्हा संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीतल्या प्रत्येक शहराच्या लेखासोबत एक छोटी चौकट असावी. विमानतळावरून किंवा स्थानकावरून शहरात जाण्याची अधिकृत सोय, तातडीचा क्रमांक, दूतावासाचा पत्ता आणि त्या शहरात नेहमी चालणाऱ्या दोन-तीन युक्त्या एवढा मजकूर तिच्यात सहज मावेल. लेखकाने ती माहिती प्रवासापूर्वी नव्हे तर परतल्यावर लिहावी, म्हणजे छापील पुस्तिकांची उचलेगिरी होणार नाही, आणि फसवले गेलेले वाचकही संकोच न बाळगता आपला अनुभव त्या चौकटीसाठी कळवू शकतील.

आपली नम्र,
एक नियमित वाचक