पेशीच्या चित्रातली रेघ छाटू नका

मा. संपादक,

आपल्या विज्ञानाच्या पानावर पेशींची चित्रे येतात, ती मी सगळ्यात आधी पाहते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कॉन्फोकल (लेसरच्या प्रकाशाने नमुना बिंदू-बिंदूने टिपणारा) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणे हेच माझे काम, त्यामुळे नजर आधी चित्राच्या खालच्या कोपऱ्यात जाते. तिथे एक छोटी पांढरी रेघ असायला हवी, स्केल बार: चित्रातली तेवढी लांबी प्रत्यक्षात किती, हे सांगणारी. बहुतेक वेळा ती छाटलेली असते आणि खाली ‘हजारपट मोठी केलेली पेशी’ एवढीच ओळ असते.

त्या हजारपटीला काहीच अर्थ उरत नाही. तेच चित्र दोन कॉलमांत बसवले की वेगळी पट, मोबाइलवर आणखी वेगळी. रेघ मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते, म्हणून तिच्यावर विसंबता येते. माणसाची तांबडी रक्तपेशी साधारण ७ ते ८ मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ई. कोलाय जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब. रेघ काढून टाकली तर कागदावर दोन्ही सारखेच मोठे दिसू शकतात.

रंगांबद्दल तर मला जास्तच तळमळीने लिहावेसे वाटते. कॉन्फोकलचा डिटेक्टर रंग टिपत नाही. नमुन्याच्या प्रत्येक बिंदूतून किती प्रकाश आला, तेवढा आकडा नोंदवतो. रंग आम्ही नंतर संगणकावर देतो. केंद्रकासाठी वापरतात ते डॅपी नावाचे चमकणारे द्रव्य खरोखरच निळे चमकते, पण शेजारचे द्रव्य डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चमकत असेल, तर त्याला कोणता रंग द्यायचा हे आम्हीच ठरवतो. यात लबाडी नाही, फक्त ते सांगायला हवे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे चित्र तर मुळातच करडे असते.

करोना विषाणूचा तो राखाडी गोळा आणि त्यावरचे लाल काटे आठवा. ते छायाचित्र नव्हेच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतल्या चित्रकारांनी २०२० मध्ये तयार केलेले चित्र आहे. विषाणू जेमतेम १०० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग), दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. एवढ्या लहान कणाला आपल्याला दिसेल असा लाल रंग कुठून असणार? तरी तो लालच असतो असे मानणारी शिकलेली माणसे मला भेटतात.

म्हणून विनंती आहे, रेघ राहू द्या आणि चित्राखाली एक ओळ वाढवा: कोणत्या मायक्रोस्कोपने घेतले, रंग नंतर दिले आहेत का, की ते चित्रकाराने काढले आहे. ही माहिती शोधनिबंधात चित्राखालीच किंवा ‘पद्धती’ या भागात बहुधा मिळते.

— मायक्रोस्कोप विभागातील एक वाचक