मयताच्या दाखल्यावरचं नाव आधी बघा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आमचे वडील मार्चमध्ये मिरजेला दवाखान्यात वारले. आम्ही तासगाव तालुक्यातले. माती गावातच केली, तिसऱ्या दिवशी सावडलं, रक्षा हरिपूरच्या संगमावर सोडली, दहावा तेरावा सगळं रीतसर झालं. त्या तेरा दिवसांत कावळा का शिवेना, आहेर कुणी करायचा ह्यावर सल्ला द्यायला पन्नास माणसं होती, पण कागदाचं एका शब्दानं कुणी बोललं नाही, म्हणून हे पत्र.

पहिली चूक आमचीच. दवाखान्यात रात्री फॉर्म आला, आम्ही कुणी भानावर नव्हतो, दाजींनी भरला आणि घरात म्हणतात तसं दत्तोबा लिहून मोकळे झाले. आधारवर आणि बँकेत दत्तात्रय, सातबाऱ्यावर दत्तू, आता दाखल्यावर दत्तोबा. जिवंतपणी एकच होते, मेल्यावर तीन झाले. तो फॉर्म भरताना आधार कार्ड समोर धरा आणि दोघांनी वाचा, एवढं केलं तरी निम्मा त्रास वाचतो.

दाखला काढायला मी आधी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक म्हणाले, मृत्यू जिथं झाला तिथंच नोंद, मिरजेत गेले ना, मग महापालिकेत जावा. आपल्याकडं तासगाव, जत, कवठेमहांकाळ सगळीकडनं पेशंट मिरजेलाच नेतात, तरी ही गोष्ट निम्म्या लोकांना माहिती नसते. माणूस घरीच वारला तर मात्र 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत आपणच कळवायचं, उशीर केला तर लेट फी, आणि वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय नोंद होत नाही. पहिली प्रत मोफत मिळते, पण पैसे भरून आठ-दहा घेऊन ठेवा, बँक, विमा, सोसायटी, कारखान्याचा शेअर, जो तो ओरिजिनल बघायला मागतो.

बँकेत पासबुक घेऊन पळायची घाई नको आणि एटीएमनं पैसे काढायची तर अजिबातच नको, पिन माहिती असला तरी, पुढं भावकीत त्यावरनंच वाजतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे त्याच्या हातात येतात पण हक्क सगळ्या वारसांचा. पासबुकात 436 रुपये कटलेले दिसतायत का तेवढं बघा, ती सरकारच्या जीवनज्योती विम्याची 2 लाखाची पॉलिसी असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो. 20 रुपये कटले असतील तर ती अपघाताची.

अपघातावरनं आठवलं. आमच्या शेजारच्या मळ्यातला एक पोरगा द्राक्षबागेत साप चावून गेला. घरच्यांनी पोस्टमॉर्टम नको, चिरफाड नको म्हणून तसंच आणलं. शेतकरी कुटुंबाला सरकारच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतनं 2 लाख मिळतात, सर्पदंश त्यात बसतो, 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज द्यायचा असतो. पण पंचनामा नाही, पीएम रिपोर्ट नाही, अर्जाला जोडणार काय? त्याची आई अजून कुणी कागदाचं विचारलं की रडते. त्या वेळी सांगायला जीभ रेटत नाही हे खरं आहे, पण पाव्हण्यांतल्या एकानं तरी सांगायला पाहिजे.

सातबाऱ्याची वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडं द्यायची, ऑनलाइन ई-हक्कवरनं पण जाते. त्यात आई आणि बहिणींची नावं घालायचीच असतात, ती कुणाची मेहरबानी नाही. आमच्याकडं तेराव्याच्या पंगतीतच एका काकांनी विषय काढला, की पोरी सोडतील की हक्क. हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, नुसत्या सहीनं होत नाही, आणि डोळ्यातलं पाणी सुकायच्या आधी बहिणीला असलं विचारणं मला तरी बरं वाटलं नाही. आम्ही चौघांचीही नावं लावली, काका तेव्हापासनं बोलत नाहीत.

तुमच्या पेपरात श्रद्धांजलीच्या जाहिराती पान पान भरून असतात, त्याच पानावर एका कोपऱ्यात ह्या मुदती छापता आल्या तर बघा, ते पान मयताच्या घरात नक्की वाचलं जातं.

आमच्या दत्तोबाचा दत्तात्रय अजून झालेला नाही. सोमवारी परत मिरजेला बोलावलंय, ह्या वेळी शाळेचा दाखला आणि ॲफिडेव्हिट घेऊन.

आपला,
एक वाचक
ता. तासगाव, जि. सांगली